लाल रेघेपलीकडचं वायफाय

आमच्या घरमालकांना जबलपूरच्या गढा भागात सगळे चार्जमन साहब म्हणायचे. हे त्यांचं नाव नव्हतं, हुद्दा होता, आणि तोही निवृत्तीबरोबर संपलेला. पण सगळी हयात बारूदीच्या कारखान्यात काढलेल्या माणसाचा हुद्दा पेन्शनीच्या मागोमाग घरी येतो, तसा तो आला आणि ठाण मांडून बसला. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांच्याइतका घाबरट माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि ज्या दिवसांत त्यांची गाठ पडली, त्या दिवसांत मीही काही कमी घाबरलेली नव्हते.

खोली बघायला गेले तेव्हा बाकीच्या घरमालकांसारखं त्यांनी नवरा कुठे आहे, एकटी का आहेस, असलं काही विचारलं नाही. फाटकापाशी उभं करून म्हणाले, “माचिस? लायटर? नायलॉनची साडी?”

मी म्हटलं, “सुती आहे.”

“अच्छा. मंग ये.”

फाटकाला आतल्या बाजूनं एक लाकडी खोका ठोकलेला होता, त्याला कप्पे. आल्यागेल्यानं खिशातली माचिस, लायटर, मोबाइल त्यात ठेवायचा आणि जाताना घेऊन जायचा. दूधवाला भैया निमूटपणे बिड्यांची माचिस ठेवायचा. गॅस सिलिंडरवाला कुरकुरायचा, पण ठेवायचा. घराच्या दाराशी तांब्याची पट्टी होती, तिला हात लावून मगच आत जायचं. अंगातली वीज जमिनीत जाते म्हणे. उंबऱ्याउंबऱ्यावर लाल रेघ मारलेली. रेघेच्या अलीकडे बाहेरची चप्पल, पलीकडे घरची, आणि एक पाय अलीकडे एक पलीकडे असं कोणी उभं राहिलं की काका “अरे अरे अरे” करत यायचे. यायचे म्हणजे चालत. धावताना त्यांना कोणी कधी पाहिलं नाही. एकदा वाळत घातलेली गादी पावसात भिजत होती तरी हे बगिच्यात फिरायला निघाल्यासारखे जिना चढले. कारखान्यात धावायला बंदी होती, आणि त्यांच्या लेखी सगळं जग कारखान्याच्या आवारातच होतं.

प्रत्येक खोलीच्या दारावर पांढऱ्या रंगात त्या खोलीत किती माणसांनी असायचं ते लिहिलेलं. जोखमीच्या कामाला लागतील तेवढीच माणसं, जास्तीचं एकही नाही, म्हणजे काही झालं तर जास्तीचं कोणी जाणार नाही. स्वयंपाकघरावर ‘माणसं २’ लिहिलं होतं. काकू होत्या तेव्हा दिवाळीला जावा-नणंदा आल्या की करंज्या दोघीदोघींच्या पाळीनं व्हायच्या. शेवटी काकू कंटाळून पनागरला मुलाकडे राहायला गेल्या. तिथं त्या पदराच्या गाठीत माचिस बांधून फिरतात असं मला खुद्द त्यांनीच फोनवर सांगितलं होतं, आणि सांगताना लहान मुलीसारख्या हसल्या होत्या.

माझ्या खोलीच्या दारावर त्यांनी मी राहायला आले त्याच दिवशी ‘माणसं ३’ असं लिहिलं. मी म्हटलं, “काका, मी तर एकटीच आहे.”

“तू, तुही पोरगी, अन् एक पाहुणा,” ते ब्रश पुसत म्हणाले. “पोरगी येईन तवा काय पुन्हा रंग घेऊन बसू?”

मुलगी येणार आहे एवढंच मी त्यांना ओझरतं बोलले होते. मी दार लावून घेतलं आणि रडले. मुलगी तेव्हा पहिलीत होती आणि नागपूरला तिच्या वडिलांच्या घरी होती. मला जबलपुरात एका लॅबमध्ये नोकरी लागली, मी खोली बघून ठेवावी आणि मग तिला घेऊन यावं म्हणून इकडे आले, तर मागे तिच्या शाळेपासून दाखल्यापर्यंत सगळं सासरच्यांनी आपल्याकडे करून घेतलं. प्रकरण कोर्टात होतं. निकाल लागेपर्यंत आईनं दर शनिवारी सकाळी मुलीशी व्हिडिओवर बोलायचं, आणि बोलताना मुलीच्या खोलीत दुसरं कोणी असायचं नाही, एवढं कोर्टानं ठरवून दिलं होतं. आठवडाभर मी त्या शनिवारसाठी श्वास घ्यायचे, असं म्हटलं तर माझी लॅबमधली मैत्रीण हसेल, पण खरं तेच आहे.

आणि नेमकं तिथंच लॅपटॉपचं वायफाय रडायला लागलं.

मोबाइलला त्या घरात रेंज नव्हती. मदनमहालच्या टेकडीचे दगड एकीकडे आणि काकांच्या वडिलांनी बांधलेल्या हातभर जाड भिंती दुसरीकडे. वायफायचा डबा माझ्याआधीच्या भाडेकरूनं बसवून घेतला होता. काकांनी तो खोल्यांच्या आत येऊ दिला नाही, जिन्याच्या वळणावर, लाल रेघेच्या बाहेर टांगायला लावला. माझं टेबल त्याच भिंतीला लागून होतं. वकीलबाईंनी बजावलं होतं की कॉल कोर्टानं दिलेल्या लिंकवरून, लॅपटॉपवरच करा, तिथे त्याची नोंद राहते. लॅपटॉप जुना, बॅटरी मेलेली. चार्जर लावला तरच चालणार. आणि खोलीत प्लग एकच, टेबलाजवळ. एक्स्टेंशन बोर्ड हा शब्द त्या घरात उच्चारायची सोय नव्हती.

पहिले काही शनिवार बरे गेले. मग एके दिवशी प्लग लावताना ठिणगी उडाली. एवढीशीच. पण काका नेमके दारात होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी मेन बंद केला, मला बाहेर काढलं, आणि दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून आले तर टेबलावर लोखंडी पत्र्याची तीन बाजूंची भिंत उभी. मागे पत्रा, दोन्ही बाजूंना पत्रा, लाकडी खाचांत बसवलेला, खाली तार लावून ती जमिनीत सोडलेली. लॅपटॉप त्याच्या आत, देवळीतल्या देवासारखा.

“शील्ड,” काका म्हणाले. “कारखान्यात याच्याबिगर कामाले हात लावत नोहोते आम्ही. उडालं तं जिन्यावरचा माणूस वाचला पाहिजे.”

“आणि मी?”

त्यांनी खरोखरच विचार केला. “पुढून काच पाहिजे होती. तशी जाड काच मिळून नाही राहिली. पाहतो मी.” मग म्हणाले, “पण मशीन याच्यातच ठेवायची, बेटा. नाहीतं मले झोप नाही लागत.”

एकट्या बाईला, कोर्टात खटला चालू असलेल्या बाईला, त्या शहरात खोली मिळवताना माझ्या चपला झिजल्या होत्या. मी हो म्हटलं.

त्या शनिवारपासून मुलगी अडकायला लागली. बोलता बोलता तिचं तोंड अर्धं उघडं राहायचं, डोळे कुठेतरी तिसरीकडे, आणि मग चौकोनी तुकड्यांचा चेहरा. आवाज नंतर यायचा. “आई, तू अटकून गेली. आई?” मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इतक्या उशिरा यायचं की तोवर मी दुसरं काही विचारलेलं असायचं. जेवलीस का विचारलं तर गप्प. शाळेत कोण मैत्रीण आहे विचारलं तर गप्प, आणि मग “हो.”

मी लॅपटॉप घेऊन दुकानात गेले. तिथला भैया त्यावर फर्राट सिनेमा लावून दाखवायचा. “दीदी, इसमें तो कुछ है ही नहीं.” घरी आणून पत्र्यात ठेवला की पुन्हा तेच. आणि गंमत म्हणजे दारात उभी राहून मी त्याच वायफायवर मोबाइल लावला की तो नीट चालायचा. मग दोष लॅपटॉपच्या आतच असणार, त्यातलं वायफायचं कार्डच मंद झालं असणार, असं मी धरून बसले. दुकानदारानं त्या कार्डाऐवजी बाहेरून टोचायचं छोटं डाँगल दिलं. तेही पत्र्याच्या आतच टोचलं मी, आणि तेही मंद. मला वाटायला लागलं की दोष यंत्रात नाही, माझ्या नशिबातच आहे.

काका म्हणाले, “आपण पाहू. पण कायद्यानं.”

त्यांचा कायदा असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलायच्या आधी मोठ्यानं बोलायची. बदलल्यावर फरक पडला नाही तर होती तशी परत करायची, आणि मगच पुढची. लॅपटॉप चालू असताना ते स्वतः लाल रेघ ओलांडत नसत. बाहेर स्टूल टाकून बसायचे.

“बोल.”

“काका, बॅटरी वाचवायला हे वायफायला मधून मधून झोपवतं. ती सेटिंग बंद करते.”

“कर. काय झालं?”

“थोडं बरं वाटतंय.”

“वाटते नको. झालं का नाही झालं?”

“नाही झालं.”

“परत कर.”

मग आम्ही वायफाय विसरायला लावून पुन्हा जोडलं. ड्रायव्हर नवा घातला, ड्रायव्हर म्हणजे लॅपटॉपला त्याचं कार्ड कसं वापरायचं ते शिकवणारा प्रोग्राम, असं मी सांगितल्यावर काकांनी “त्याले लायसन आहे का?” असं विचारलं, आणि ती त्यांची आयुष्यातली बहुधा एकुलती एक थट्टा होती. डब्याचे दोन बँड असतात, एक लांब जाणारा पण हळू, एक वेगवान पण भिंतीला बिचकणारा. तेही बदलून पाहिले. त्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एखाद्या बदलाच्या मध्येच मी घाईनं दुसऱ्या बटणाकडे गेले की बाहेरून आवाज यायचा, “हात!” आणि माझा हात जिथल्या तिथे थांबायचा.

मी एकदा वैतागून म्हटलं, “काका, काय मोठा बॉम्ब आहे का हा? दोन गोष्टी एकदम बदलल्या तर काय होईल?”

त्यांनी स्टूल थोडं मागे सरकवलं. मग म्हणाले, “माहा एक मित्र होता. माह्याच बाकड्यावर. चांगला हुशार. डबा खायची वेळ होत आली होती, मनून त्यानं दोन कामं एकदम…” एवढं बोलून त्यांनी आपले दोन्ही तळहात मांडीवर उलटे ठेवले आणि बघत राहिले. ती गोष्ट ते पुढेही दोनतीनदा सांगायला निघाले आणि दरवेळी तिथंच थांबले. डब्यात काय होतं तेवढं मात्र एकदा सांगितलं. मुळ्याची भाजी होती.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. काकांचं उलटं होतं. ते म्हणायचे, “जो भेला तो जेवायले घरी आला.” लग्नाची वरात फटाके उडवत गल्लीतून निघाली की ते आतल्या खोलीत वाळूची बादली मांडीशी घेऊन बसायचे. मी हसायचे त्यांना. पण ज्या रात्री फाटकाबाहेर उभी असताना वकीलबाईंचा फोन आला त्यानंतर माझं हसू आटलं.

तिकडच्यांनी कोर्टाकडे मागणी केली होती की हे कॉल बंद करावेत. आईकडचं नेट नीट नसतं. आईचा अडकलेला, तोंड वासलेला चेहरा बघून मुलगी भेदरते, रात्री दचकून उठते. कोर्टानं सांगितलं होतं की येत्या शनिवारी समुपदेशक मॅडम स्वतः कॉलवर बसतील, काय होतं ते बघतील, आणि त्यांचं मत पुढे मांडतील. वकीलबाई म्हणाल्या, “या वेळी तुमचं नेट गेलं ना ताई, तर मला फारसं काही करता येणार नाही.”

माझा चेहरा बघून माझं लेकरू दचकून उठतं. मी तो आठवडा कसा काढला मला माहीत नाही. लॅबमध्ये एकाच नळीवर दोनदा चिठ्ठी लावली. आरशासमोर तोंड अर्धं उघडून बघितलं, की खरंच एवढं भयंकर दिसतं का.

शनिवारी सकाळी काका बुद्धविहारात जाऊन आले होते, पांढऱ्या शर्टातच स्टुलावर बसले. लिंक उघडली. एका चौकोनात मॅडम, चष्मा लावलेल्या, शांत. एका चौकोनात माझी मुलगी. तिनं हात वर केला, आणि हात तसाच वर राहिला.

“ताई, तुमचा आवाज तुटतोय,” मॅडम म्हणाल्या.

मुलीच्या चौकोनातून लांबून सासूबाईंचा आवाज आला, बहुधा दारातून. “हे असंच असतं मॅडम, दरवेळी. पोर रडते नंतर.”

मॅडम म्हणाल्या, “आजी, दार लावून घ्या. मुलीला एकटं बसू द्या.” दार वाजलं.

मागून काकांनी हलकेच विचारलं, “काय राहिलं काढाचं?”

“काहीच नाही काका. सगळं करून झालं.”

“सगळं नाही झालं,” ते म्हणाले. मी वळून बघितलं. ते टेबलाकडे बघत होते. त्या टेबलावर मी बदलून पाहिली नव्हती अशी एकच वस्तू होती, आणि ती त्यांनीच तिथं ठेवली होती. माझ्या डोक्यात ती कधी आली नाही, कारण ती मला भिंतीचाच भाग वाटायची. त्यांच्या डोक्यात आली नाही, कारण काम चालू असताना शील्ड काढायची असते हे त्यांच्या जन्मात बसत नव्हतं.

काका उठले. लाल रेघेवर थांबले. कपाळावर घाम डवरला होता, दिवस थंडीचे असून. मग त्यांनी रेघ ओलांडली, मशीन चालू असताना, पहिल्यांदा. “सरक बेटा,” म्हणाले. “मी शील्ड काढून राहिलो.” मोठ्यानं बोलून, कायद्यानं. त्यांनी दोन्ही हातांनी पत्रे एकेक करून खाचांतून वर उचलले, चुलीवरून भरलं पातेलं उतरवावं तसे, आणि बाहेर नेऊन आडवे ठेवले. मला वाटलं ते आता बाहेरच थांबतील. ते परत आत आले आणि माझ्या शेजारी पलंगाच्या कडेला बसले.

आणि मुलीचा हात खाली आला.

काय सांगू, किती स्वच्छ दिसली ती. पुढचा एक दात पडला होता. कानात नवे खडे. गालावर काजळाचा फराटा. मी खुळ्यासारखी हसत सुटले. “दात कधी पडला गं?”

मुलीनं डावीकडे पाहिलं. कुणाची तरी वाट बघितल्यासारखी थांबली. मग म्हणाली, “काल.”

“शाळेत जातेस ना रोज?”

पुन्हा डावीकडे. पुन्हा थांबली. “हो.”

“आईची आठवण येते?”

डावीकडे बघून ती किती तरी वेळ बोललीच नाही. तिच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा मात्र सरसर पुढे चालला होता. काहीच अडकलेलं नव्हतं.

इतके शनिवार मी ज्याला नेट समजत होते, ते हे होतं. उत्तर उशिरा येत नव्हतं. ते कुणाला तरी विचारून येत होतं.

काका माझ्या कानाशी, अगदी हळू, म्हणाले, “बेटा, मशीन आता बराबर आहे.”

मॅडमनी चष्मा वर केला. “बाळा,” त्या म्हणाल्या, “तुझ्या डाव्या बाजूला कोण बसलंय?”

मुलीनं डावीकडे पाहिलं. तिचा खालचा ओठ बाहेर आला, रडायच्या आधी येतो तसा. “कोणी नाही,” ती म्हणाली, आणि एक हात बाजूनं आत आला, बांगड्या भरलेला, आणि तिचा चौकोन काळा झाला.

मग त्या काळ्या चौकोनातून सासूबाईंचा नुसता आवाज आला, “बघा मॅडम. त्यांच्याकडचं नेट पुन्हा गेलं.”

मला बोलायचं होतं. तेवढ्यात काका पुढे वाकले, त्या मशीनच्या अगदी तोंडाशी, जिला त्यांनी आजवर बोटही लावलं नव्हतं, आणि कारखान्यात घंटेवर ओरडावं तसे ओरडले, “नाही मॅडम! इकडून नाही गेलं! इकडे सगळं चालू आहे!”

“ओरडू नका काका,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही दोघं मला स्वच्छ दिसताय.” मग काळ्या चौकोनाला उद्देशून म्हणाल्या, “पुढचा कॉल होणार नाही. पुढच्या भेटीला मुलीला माझ्या ऑफिसात घेऊन या. आई समोर येईल. खोलीत मी असेन, आजी नसतील.” आणि त्या गेल्या.

मी लॅपटॉपचं झाकण धरलं. काकांच्या पांढऱ्या शर्टाची पाठ ओलीचिंब झाली होती. मला वाटलं आता ते मेन बंद करायला उठतील, आणि मी म्हटलं, “थांबा काका, बंद करते.”

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“राहू दे,” म्हणाले. “पोरगी परत आली तं?”

आम्ही दोघं त्या काळ्या चौकोनासमोर बसून राहिलो.